भाचा, शाळा आणि तीन रकान्यांची वही

माझा भाचा आमच्याकडे राहायला आला तेव्हा साडेआठ वर्षांचा होता. आता त्याला दहावं लागलंय. मधलं सव्वा वर्ष शाळेचे फोन, फॉर्म, तपासण्या, सह्या आणि वाट बघणं यात गेलं. सुरुवातीलाच कोणी हे सगळं ओळीने सांगितलं असतं तर माझी निम्मी धावपळ वाचली असती, म्हणून लिहितोय. त्याला विचारून लिहितोय. दोन गोष्टी लिहायच्या नाहीत असं त्यानं बजावलंय. त्या इथे सापडणार नाहीत.

त्याच्या घरी काय होतं ते थोडक्यात सांगतो. मारहाण होती, पुष्कळ वर्षं होती, आणि ती बघत तो वाढला. कधीकधी त्याच्याही वाट्याला आली. माझी बहीण उपचारांसाठी दूर आहे, ती सावरेपर्यंत तो माझ्याकडे. पण हे लिखाण त्या रात्रींबद्दल नाही. त्या रात्री संपून गेल्यावर भर दिवसा, वर्गात, काय होत होतं त्याबद्दल आहे.

फेब्रुवारीत आला. पहिले चार महिने घरात इतका शहाण्यासारखा वागला की मी निर्धास्त झालो. हाक पुरी व्हायच्या आत समोर हजर. कधी हट्ट नाही, कधी उलट उत्तर नाही. माझी बायको तेव्हाच म्हणाली होती, ‘‘इतकं शहाणं पोर बरं नव्हे.’’ मी हसण्यावारी नेलं. मुलं घाबरली की ओरडतात किंवा रडतात एवढंच मला ठाऊक होतं. घाबरलेलं मूल आज्ञाधारकही होतं हे नंतर कळलं.

जूनमध्ये नवीन शाळा सुरू झाली आणि २४ जूनला पहिला फोन आला. त्यानं खुर्ची ढकलून दिली होती. मग दप्तर फेकलं, मग टेबलाखाली जाऊन बसला आणि तासभर बाहेर आला नाही. ऑगस्टअखेरपर्यंत असे अकरा फोन आले. शाळेच्या डायरीत शेरे साठत गेले: ‘उद्धट’, ‘सूचना पाळत नाही’, ‘विनाकारण आक्रमक’. यातला ‘विनाकारण’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

या काळात मी जे जे केलं ते बहुतेक चुकलं. दर फोननंतर घरी त्याला समोर बसवून विचारायचो, ‘‘का केलंस?’’ तो जमिनीकडे बघायचा. मी पुन्हा विचारायचो, आवाज थोडा चढवून. तो म्हणायचा, ‘‘माहीत नाही.’’ मला वाटायचं, लपवतोय. मग भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता लावला: तक्रार नाही आली तर तारा, दहा तारे झाले की बक्षीस. दुसऱ्या आठवड्यात त्यानंच तो तक्ता फाडून टाकला. टीव्ही बंद केला, खेळायला जाणं बंद केलं. त्याला काही फरकच पडेना. ज्या मुलाचं सगळंच एकदा हातातून गेलेलं आहे त्याला आठवडाभर टीव्ही नसण्याची काय भीती वाटणार, हे आज सुचतं.

२२ ऑगस्टला त्यानं भिरकावलेला कंपास एका मुलीच्या कपाळाला लागला. दोन टाके पडले. तिच्या आईनं मला शाळेच्या व्हरांड्यात जे सुनावलं त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. हे मुद्दाम नोंदवतोय, कारण अशा कहाण्यांत दुखावलेली दुसरी मुलं बरेचदा कोपऱ्यात राहतात. त्याच आठवड्यात शाळेनं बैठक बोलावली. मानसशास्त्रज्ञाकडून मूल्यमापन करून अहवाल आणा, तोवर तो अर्धा वेळच शाळेत येईल, असं सांगितलं. शाळेच्या काउन्सेलरनं हातात तीन फॉर्म दिले आणि दाराबाहेर आल्यावर हळूच म्हणाली, ‘‘आधी डोळे आणि कान तपासून घ्या.’’

हा सल्ला मी सगळ्यांना देतो. मुलाला फळ्यावरचं दिसत नसेल किंवा एका कानानं कमी ऐकू येत असेल तर तेही ‘सूचना पाळत नाही’ याच शेऱ्यात जमा होतं. आमच्याकडे दोन्ही ठीक निघालं. पण बालरोगतज्ज्ञांनी झोपेबद्दल खोदून विचारलं आणि मी अडखळलो. रात्री साडेनऊला दिवा बंद करायचो, पुढचं मला माहीतच नव्हतं. आठवडाभर रात्री उठून बघितलं. तो साडेबारा-एकपर्यंत जागाच असायचा, दाराकडे तोंड करून, बूट उशाशी ठेवून. वाढत्या वयाच्या मुलाला रोज पाच-साडेपाच तास झोप, मग दुसऱ्या दिवशी वर्गात तो कसा असणार?

फॉर्मांपैकी एक होता २५ विधानांचा, ‘ताकद आणि अडचणी’ असं त्याचं नाव. रॉबर्ट गुडमन या मानसोपचारतज्ज्ञानं १९९७ मध्ये मांडलेली ही प्रश्नावली बऱ्याच देशांत वापरतात. भावना, वर्तन, चंचलपणा, मित्रांशी संबंध आणि दुसऱ्याला मदत करणं, अशी प्रत्येकी पाच विधानं. लागू नाही, थोडंफार लागू, नक्की लागू, यांतलं एक निवडायचं. एक प्रत घरच्यांनी भरायची, एक वर्गशिक्षकांनी. माझी प्रत आणि बाईंची प्रत शेजारी ठेवली तर दोन वेगळी मुलं वाटावीत. मी पटकन बाईंवर चिडलो, ‘‘यांनी वाढवून लिहिलंय.’’ पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणाल्या की हा फरक हीच सगळ्यात कामाची माहिती होती. घरी तो जीव मुठीत धरून होता, शाळेत मूठ सुटत होती. तेव्हा फॉर्म भरताना शाळेच्या उत्तरांशी जुळवून घेऊ नका, आणि मूल बरं दिसावं म्हणून हात राखूनही लिहू नका.

मूल्यमापनाची तारीख मिळाली ९ ऑक्टोबर. म्हणजे सहा आठवडे थांबायचं. काउन्सेलर म्हणाली, रिकामे थांबू नका, वही घाला. साधी शंभर पानी वही, पानावर तीन रकाने: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. वर तारीख आणि वेळ. ‘उद्धट’, ‘रागीट’ असली विशेषणं वहीत चालणार नाहीत. कॅमेऱ्यात जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं. ‘चिडला’ नाही, ‘वही जमिनीवर टाकली’. बाईंनी आधी नकार दिला. चाळीस मुलांच्या वर्गात हे कोण लिहीत बसणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी ठरलं की त्या प्रसंगाला फक्त तीन-चार शब्द लिहितील आणि सुटीत मी फोन करून उरलेलं उतरवून घेईन.

तीन आठवड्यांत एकोणीस नोंदी झाल्या. काउन्सेलर, बाई आणि मी एका दुपारी त्या वाचायला बसलो. मधला रकाना वाचून काहीच हाती लागेना. फेकणं, ढकलणं, टेबलाखाली जाणं, तेच ते. मग काउन्सेलरनं मधला रकाना कागदानं झाकला आणि फक्त पहिला वाचायला लावला. एकोणीसपैकी बारा ठिकाणी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत होती: ‘वर्ग गडबड करत होता, मी थांबून राहिले.’ ‘मुलं शांत व्हायची वाट पाहत होते.’ ‘मी काही न बोलता उभी होते.’

बाई ओरडणाऱ्यांतल्या नाहीत. वर्गात गोंगाट झाला की त्या फळ्यापाशी हाताची घडी घालून गप्प उभ्या राहतात. मुलं आपोआप शांत होतात. याहून सौम्य शिस्त कोणती असेल! आणि माझ्या भाच्याला सगळ्यात असह्य होती ती हीच. कारण त्याच्या घरी आरडाओरड्याच्या आधी शांतता यायची. मोठं माणूस बोलायचं थांबलं, चेहरा कोरा झाला, की पुढे काय हे त्याच्या अंगाला पाठ होतं. वर्गात ती शांतता पसरली की ती मोडायला तो काहीतरी आपटायचा. व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे. डायरीतला ‘विनाकारण’ त्या दुपारी बाईंनी स्वतःच्या पेनानं खोडला. मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी. आपली चांगली सवय एखाद्या पोराला घाबरवते हे ऐकून घेणं सोपं नाही.

तिसऱ्या रकान्यानं आणखी एक गंमत दाखवली. गंमत म्हणजे आपली फजिती. जवळजवळ प्रत्येक प्रसंगानंतर त्याला वर्गाबाहेर पाठवलं होतं. शाळेला वाटत होतं शिक्षा झाली, त्याला मात्र सुटका मिळत होती. रोज त्याला आम्हीच शिकवत होतो की जीव गुदमरला की काहीतरी फेक, दार उघडतं.

९ ऑक्टोबरला आम्ही वेळेवर पोचलो आणि परत आलो. मुलाची तपासणी करायला पालकाची किंवा कायदेशीर ताबा असलेल्या व्यक्तीची लेखी संमती लागते. मी मामा. माझ्याकडे बहिणीची चिठ्ठी होती, पण तिच्यावर साक्षीदार नव्हते आणि ‘मूल्यमापन व उपचार’ हे शब्द नव्हते. पुढची तारीख ६ नोव्हेंबर. नातेवाइकाचं मूल सांभाळत असाल तर पहिला फोन करतानाच विचारा: संमती कोणाची, कोणत्या शब्दांत, मूळ प्रत लागेल का. फीही तेव्हाच विचारा. बरेचदा तपासणीची वेगळी आणि अहवालाची वेगळी असते. माझा पैशांहून मोठा खर्च रजांचा झाला. वर्षभरात तेवीस अर्ध्या रजा. वरिष्ठांना कारण किती सांगायचं हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर दर वेळी नवी थाप सुचेनाशी होते.

मूल्यमापन दोन बैठकांत झालं, मिळून साडेतीन तास. मला वाटलं होतं, त्याला ‘काय काय झालं सांग’ असं विचारतील. तसं काही केलं नाही. कोडी, आकडे उलटे म्हणणं, चित्रं, गोष्ट पुरी करणं, वाचन. मग माझी वेगळी मुलाखत. मी घरून तयारी करून गेलो होतो. बालपणीच्या विपरीत अनुभवांची दहा प्रश्नांची यादी मला इंटरनेटवर सापडली होती. फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेत सॅन दिएगोत १७ हजारांहून जास्त प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं आणि १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष छापले, त्या अभ्यासातून आलेली ही यादी. असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी शरीराच्या आणि मनाच्या आजारांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं होतं. मी भाच्याचे गुण मोजले: सहा. रात्रभर झोपलो नव्हतो. मानसशास्त्रज्ञ बाईंनी माझा कागद बघितला आणि बाजूला ठेवला. हा आकडा लोकसमूहाबद्दल बोलतो, एका मुलाचं भविष्य सांगत नाही. खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांबरोबर लेख लिहून या आकड्याच्या अशा वापराबद्दल सावध केलंय, असं त्या म्हणाल्या. कुंडली मांडून बसू नका, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

शाळेचा अंदाज होता की हा अतिचंचलतेचा, म्हणजे एडीएचडीचा प्रकार आहे. अतिचंचलता आणि मनावरचा आघात, वरून दोन्ही खरंच सारखं दिसतं: सतत चुळबूळ, लक्ष नाही, सांगितलेलं अर्ध्यावर सोडणं. दोन्ही एकाच मुलात असूही शकतं, म्हणून घाईनं शिक्का मारायचा नसतो. आमच्या बाबतीत निदान आलं आघातोत्तर ताणाचं. मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला वर्गातल्या नोंदींतून समजावलं. ‘‘याचं लक्ष नाही असं नाही. लक्ष आहे, पण दारावर आहे, मागून येणाऱ्या पावलांवर आहे, बाईंच्या भुवयांवर आहे. गणितासाठी उरत नाही.’’ सेथ पोलॅक या संशोधकाच्या प्रयोगांबद्दल त्यांनीच सांगितलं: अस्पष्ट चेहरे हळूहळू स्पष्ट करत दाखवले तेव्हा मार खाल्लेल्या मुलांनी राग इतर मुलांच्या आधी, अगदी थोड्या खुणांवरून ओळखला. त्या घरात ते कौशल्य जीव वाचवणारं होतं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. याचं तोंड पोळलं तेव्हा दूध-ताक वेगळं कळायचंही वय नव्हतं.

आणि ‘का केलंस?’ धोक्याची घंटा वाजली की छाती धडधडते, अंग लढायला, पळायला किंवा गोठायला तयार होतं, आणि विचार करणारा, शब्द जुळवणारा मेंदूचा पुढचा भाग तेवढ्यापुरता मागे पडतो. त्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ हे अगदी प्रामाणिक उत्तर असतं. पोरगं चार महिने मला खरं सांगत होतं.

अहवाल ३ डिसेंबरला हातात आला. अकरा पानं. इथे थांबून एक गोष्ट ठळक सांगतो: अख्खा अहवाल शाळेला देऊ नका. मी देणारच होतो. मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, ‘‘घरातल्या मारहाणीचा तपशील शिपायापासून सगळ्यांना कळायला हवा का?’’ त्यांनी शाळेसाठी वेगळं दीड पानाचं पत्र दिलं. त्यात काय घडलं ते नाही, काय लागेल तेवढंच. मूळ अहवाल माझ्या कपाटात आहे. प्रत दिलीच तर कोणाला, कधी, हे पाकिटावर लिहून ठेवतो.

१२ डिसेंबरची बैठक दीड तास चालली. ठरलं ते असं. त्याची जागा मागच्या भिंतीलगत, जिथून दार दिसतं आणि पाठीमागे कोणी नसतं. तास बदलण्याआधी, बाक हलवण्याआधी दोन मिनिटं सूचना. रोज सकाळी शाळेत शिरताना काउन्सेलरशी दोन मिनिटं भेट, बोलायचं काहीही, अभ्यास सोडून. एक निळं कार्ड; ते बाकावर ठेवलं की न विचारता ग्रंथालयात दहा मिनिटं बसायचं, मात्र काही फेकायच्या आधी. फेकल्यावर कार्ड चालणार नाही. आणि बाईंनी स्वतःहून घातलेलं कलम: गप्प उभं राहायचं असेल तर आधी म्हणेन, ‘मी वाट बघतेय, रागावलेली नाही.’ मला वाटतं या एका वाक्यानं बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काम केलं.

सगळे खूश नव्हते. एका सरांनी विचारलं, ‘‘उद्या प्रत्येक जण कार्ड मागेल, मग?’’ काउन्सेलर म्हणाली, ‘‘मागू दे, बघू कोणाला लागतंय.’’ नंतर दोघांनी मागितलं. एकाचं आठवड्यात सुटलं, एकाला खरंच हवं होतं.

उपचार जानेवारीत सुरू झाले. आघातावर केंद्रित संज्ञानात्मक वर्तन उपचार असं लांबलचक नाव आहे. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी मुलांसाठी बांधलेली पद्धत. साधारण १२ ते १६ सत्रं लागतात, आम्हाला १९ लागली. सांभाळणाऱ्यांनाही दर वेळी वेगळं बसावं लागतं, ‘मुलाला सोडून येतो, तासाभरानं नेतो’ असं चालत नाही. पहिली सहा-सात सत्रं घटनेचं नावही नाही. श्वास, अंग सैल सोडणं, भावनांना शब्द. भाच्याकडे दोनच शब्द होते, ‘बरं’ आणि ‘कसंतरी’. ‘कसंतरी’चे हळूहळू पाच-सहा तुकडे झाले: लाज, धडधड, एकटं, संताप, आणि त्यानं स्वतः शोधलेला एक, ‘शांततेची भीती’.

मार्चमध्ये घटनेची गोष्ट लिहायला घेतली आणि सगळं बिघडलं. झोप पुन्हा उडाली, शाळेतून लागोपाठ दोन फोन. असं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं, तरी मी बायकोला म्हणालो, बंद करू या, बरं चाललं होतं ना. त्याच आठवड्यात दमून, चिडून मी घरात आवाज चढवला, त्याच्यावर नाही, फोनवरच्या कोणावर तरी. वळून बघतो तर तो टेबलाखाली. मी जमिनीवर बसलो. काय बोलावं कळेना. ‘‘मी ओरडलो. तुझ्यावर नव्हतो. तरी तुला भीती वाटली, चूक माझी,’’ एवढंच म्हणालो आणि तिथेच बसून राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी त्याचा पाय बाहेर आला, मग तो. उपचार बंद केले नाहीत. बायको मात्र त्यानंतर महिनाभर माहेरी जाऊन आली, तिलाही विसावा हवा होता. असं मूल सांभाळणाऱ्या घरात कोणीतरी थकतंच. ते आधीच धरून चाला, दुसरा हात तयार ठेवा.

ती गोष्ट सात पानांची झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यानं ती मला वाचून दाखवली. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरलंय.

आज तो गणितात वर्गाच्या मागे आहे. दोन वर्षं जे डोक्यात शिरलंच नाही ते आपोआप भरून येत नाही, वेगळी शिकवणी चालू आहे. बूट अजून उशाशी असतात. पहिल्या तीन महिन्यांत अकरा फोन आले होते, शेवटच्या तीन महिन्यांत चार, त्यातले दोन मार्चमधले. कपाळाला टाके पडले त्या मुलीला त्यानं पत्र लिहिलं. तिनं घेतलं, उत्तर दिलं नाही. ते तिच्या मर्जीवर.

वही अजून चालू आहे, पण एप्रिलपासून ती तोच लिहितो. शुद्धलेखन सोडून द्या. शेवटच्या पानावर पहिल्या रकान्यात आहे: ‘सर गप्प झाले.’ दुसऱ्यात: ‘मी हात वर केला. विचारलं, रागावलात का.’ तिसऱ्यात: ‘ते म्हणाले नाही रे, विसरलो काय सांगत होतो. सगळे हसले. मी पण.’